आओगाशिमा: ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं गाव खरं की फोटोची करामत? आणि तिथे जायचं-यायचं कसं?

नकाशावेडा

मंडळी, जपानच्या आओगाशिमा बेटाचा वरून काढलेला फोटो आतापर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. समुद्रात हिरवीगार कढई आणि कढईत उपडी घातलेली वाटी. खाली ठरलेली ओळ: "ज्वालामुखीच्या तोंडात राहणारी माणसं". यातलं खरं किती?

विचारायचं आहे ते असं. गाव नेमकं कढईच्या आत आहे का? पुढे, हे बेट मध्ये पन्नासेक वर्षं ओस पडलं होतं असं वाचलं. उद्रेक तर थोड्याच काळात शमला असणार, मग परत यायला अर्धं शतक का लागलं? आणि तिसरं, ऑक्टोबरमध्ये टोकियोला जाणं ठरतंय. शनिवारी जाऊन रविवारी परत आणि सोमवारी रात्री मुंबईचं विमान, असं बसवता येईल का? शाकाहारी माणसाची सोय होते का तेही सांगा.

---

काळाफत्तर

आधी गाव. गाव कढईत नाही, कढईच्या काठाबाहेर आहे.

बेट उत्तर-दक्षिण सुमारे साडेतीन किलोमीटर, पूर्व-पश्चिम अडीच. क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर. (इंटरनेटवर ८.७५ हा आकडा फिरतो तो सोडून द्या. साडेतीन गुणिले अडीच हा पूर्ण आयत धरला तरच तेवढं होतं, आणि बेट काही आयताकृती नाही.) चारी बाजूंना सरळसोट कडे, पुळण औषधालाही नाही. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात तो मोठा खड्डा आहे, त्याचं नाव इकेनोसावा. लांबी-रुंदी सुमारे १.७ गुणिले १.५ किलोमीटर. आपल्या लोणारच्या विवराची रुंदी १.८ किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा आकाराचा अंदाज बांधायला लोणार डोळ्यांसमोर आणा. साम्य तेवढंच. लोणार अशनीपातानं झालं, हे ज्वालामुखीनं. आतली मांडणी बघायची तर अंदमानच्या बॅरन बेटाशी तुलना करा, तिथेही मोठ्या खड्ड्यात मधोमध नवा शंकू आहे. फरक इतकाच की बॅरनवर वस्ती नाही.

इकेनोसावाच्या आतला शंकू म्हणजे मारुयामा, उंची २२३ मीटर. त्याच्याही डोक्यावर खळगा आहे. म्हणजे "उपडी वाटी" म्हणण्यापेक्षा मोदकाची पारी म्हणा, वरून चेपलेली. फोटोत त्यावर जे पट्टे दिसतात ते दगडाचे थर नव्हेत, हारीनं लावलेली झाडं आहेत. कढईच्या काठावरचा सर्वांत उंच बिंदू ओतोन्बु, ४२३ मीटर. बेटाचं माथं तेच, आणि कढई एका नजरेत बघायची जागाही तीच.

वस्ती उत्तरेकडच्या उतारावर, ओकाबे या भागात. निशिगो आणि यासुंदोगो अशा दोन वाड्या. शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय, ग्राम कार्यालय, हेलिपॅड सगळं तिकडेच. लोकसंख्या १७०च्या आसपास, जपानमधली सर्वांत कमी लोकांची ग्रामपालिका. इकेनोसावात आहे काय तर वाफेच्या भेगा, वाफेवरचं स्नानघर, तंबू ठोकायची जागा आणि मीठ तयार करायचा छोटा कारखाना.

उत्तरेलाच का, याचं कारण साधं आहे. बेटाच्या वायव्येला कुरोसाकी नावाचा जुना ज्वालामुखी होता, त्याच्या अंगावर पुढे मुख्य ज्वालामुखी चढला. उत्तरेला त्यामुळे त्यातल्या त्यात सौम्य उताराची जमीन उरली. बाकी सगळीकडे एक तर कडा किंवा खड्डा.

मूळ कारण विचाराल तर पॅसिफिक भूपट्ट इथे फिलिपिन समुद्राच्या भूपट्टाखाली सरकतो. त्यातून इझु बेटांची उत्तर-दक्षिण रांग तयार झाली. इझु ओशिमा, मियाकेजिमा, हाचिजोजिमा अशी ती खाली उतरत येते, आणि माणसं कायम राहतात असं या रांगेतलं शेवटचं बेट आओगाशिमा. टोकियोपासून सुमारे ३५८ किलोमीटर, हाचिजोजिमापासून ७० एक. जपानचं हवामान खातं त्याला आजही जागृत ज्वालामुखीच धरतं.

---

जुनी_बखर

काळाफत्तर यांनी इकेनोसावाचं सांगितलं, तिथूनच पुढे. "इके" म्हणजे तळं. नावातच तळं आहे, आज मात्र तिथे तळं नाही. सगळा इतिहास त्यात आला.

१७८०च्या आधी या खड्ड्यात दोन तळी होती, एक मोठं नि एक लहान. नदी-ओढा नसलेल्या बेटावर गोड्या पाण्याचा हाच मोठा साठा, आणि आजूबाजूला शेती. १७८० मध्ये भूकंपांची माळ लागली, खड्ड्यातून गरम पाणी उसळलं, तळ्यांची पातळी चढली. १७८१ मध्ये राख पडली. १७८३ मध्ये मोठा उद्रेक होऊन घरं जळाली. (त्याच वर्षी होन्शूवरचा आसामा फुटला आणि जपान तेन्मेई दुष्काळात सापडला होता. सरकारचं लक्ष या टिकलीएवढ्या बेटाकडे किती असेल, विचार करा.) मग १८ एप्रिल १७८५ला शेवटचा, सर्वांत वाईट उद्रेक सुरू झाला.

तेव्हा बेटावर ३२७ माणसं होती. हाचिजोजिमाहून होड्या आल्या, सुमारे २०० जण निघू शकले. राहिलेले १३० ते १४० मेले. हा आकडा लाव्ह्यापेक्षा होड्यांचा आहे, हे लक्षात घ्या. उद्रेक काही एका रात्रीत झाला नाही, आठवडे चालू होता. पण आडोशाचं बंदर नसलेल्या कड्याला होडी लावायची, वरून राख आणि दगड, मध्ये ७० किलोमीटरचा खुला समुद्र, त्यात कुरोशिओ प्रवाहाचा ओढा. फेऱ्या हव्या तेवढ्या झाल्याच नाहीत आणि आल्या त्या होड्यांत जागा पुरली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, परतायला पन्नास वर्षं का लागली. आग विझून बराच काळ झाल्यावरही तीन अडचणी उरल्या.

एक, पाणी. तळी राखेखाली गेली. पुढे बेट पावसाच्या पाण्यावरच राहिलं, आणि आजही तसंच आहे. डोंगराचा एक अख्खा उतार काँक्रीटनं मढवून त्यावर पडणारा पाऊस टाक्यांत उतरवतात. फोटोत कड्याजवळ करडा चौकोन दिसतो, तो हाच.

दोन, जमीन आणि उंदीर. आधी गेलेल्या तुकडीनं राख उपसून जमीन मोकळी केली, पेरलं, आणि उंदरांनी पीक फस्त केलं. माणूस नसलेल्या बेटावर त्यांना रान मोकळं मिळालं होतं.

तीन, पुन्हा समुद्र. बेटावर काही पिकेपर्यंत काम करणाऱ्यांचं धान्य, बियाणं, अवजारं सगळं हाचिजोजिमाहून येणार. होडी फुटली की नुसती माणसं जात नाहीत, हंगाम जातो. गावचा नानुशी सान्कुरो (नानुशी म्हणजे आपल्याकडचा पाटील समजा) १७९७ मध्ये माणसं घेऊन निघाला, ती होडी भरकटत पार मुख्य भूमीवरच्या कीई द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागली, तो वाचला नाही. दोन वर्षांनी तीसहून अधिक माणसांची दुसरी होडीही भरकटून त्याच मुलखात गेली. तिथून पुढे बरीच वर्षं प्रयत्न जवळपास थंडावले.

मग १८१७ मध्ये सासाकी जिरोदायु नानुशी झाला. त्यानं केलं ते फार शौर्याचं वाटत नाही, पण नेमकं हवं होतं तेच केलं: हिशोब. किती माणसं आधी पाठवायची, त्यांनी किती जमीन साफ करायची, तिथे किती तोंडांचं पिकेल, मग पुढची तुकडी केव्हा. म्हाताऱ्यांना नि मुलांना खायला घालता येईल इतकं पिकल्याशिवाय न्यायचं नाही. १८२४ पर्यंत बहुतेक सगळे परतले. १८३५ मध्ये जमिनीची मोजणी होऊन सारा बसला, म्हणजे सरकारदरबारी गाव पुन्हा जिवंत झालं. "पन्नास वर्षं" म्हणतात ती १७८५ ते १८३५ अशी मोजलेली. माणसं त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच नांदत होती.

या परतण्याला जपानीत "कान्जू" म्हणतात. हाचिजोजिमाहून सुटणाऱ्या जुन्या बोटीचं नावच कान्जू-मारू होतं. २०१४ मध्ये तिच्या जागी आओगाशिमा-मारू आली.

जाता जाता एक. हे बेट टोकियो महानगराच्या हद्दीत येतं, तरी १९५६च्या जुलैपर्यंत इथल्या लोकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदान करता येत नव्हतं. दळणवळणाचा भरवसा नाही म्हणून कायद्याच्या नियमांतच तसा अपवाद लिहून ठेवला होता. मतपेटी वेळेवर पोचेल की नाही, हीच शंका. बघा, पुन्हा होडीच.

---

नकाशावेडा

दोघांचेही आभार. पारीचं उदाहरण एकदम बसलं. आता तिसऱ्या प्रश्नाचं कोणी बघा. टोकियोच्या हद्दीत आहे म्हणजे परवाना वगैरे वेगळा लागत नसणार ना?

---

भरतीओहोटी

वेगळा परवाना काही नाही. जपानचा व्हिसा पुरतो. गाडीची पाटीसुद्धा टोकियोतल्या शिनागावाचीच असते.

पण शनिवार-रविवार-सोमवार हा बेत मुळातच सोडा. या बेटाचं नियोजन पोचायचं करत नाहीत, निघायचं करतात.

थेट टोकियोहून काही जात नाही. आधी हाचिजोजिमा गाठायचं. त्याला दोन वाटा. हानेदाहून विमान, दिवसाला तीन, पाऊण-एक तास. किंवा ताकेशिबा धक्क्यावरून रात्री साडेदहाला सुटणारी मोठी बोट, ती सकाळी नऊच्या आत पोचते. तिथून पुढे पुन्हा दोन वाटा.

बोट: हाचिजोजिमाहून साधारण साडेनऊला सुटते, तीन तासांत पोचते, माल नि माणसं उतरवून पाव तासात परत फिरते. रोज नसते. महिन्याचं वेळापत्रक लागतं ते बघायचं, आणि रविवारी ती मिळेल असं धरून चालायचंच नाही. जागा ५० जणांची. भाडं तीन हजार येनच्या आसपास.

हेलिकॉप्टर: दिवसाला एकच फेरी, ९ जागा, २० मिनिटं. सकाळी ९.२०च्या सुमारास हाचिजोजिमाहून निघतं आणि पाच मिनिटं थांबून परत. हानेदाचं पहिलं विमान पकडलं तर जोड बसते. भाडं बोटीच्या चौपट. सामान फुकट फक्त ५ किलो, वरच्या वजनाला किलोमागे पैसे, आणि यंत्राचं एकूण वजन भरलं असेल तर पैसे देऊनही नेत नाहीत. भारतातून आलेली २३ किलोची बॅग हाचिजोजिमाला किंवा टोकियोला ठेवून जा. आरक्षण बरोबर एक महिना आधी सकाळी उघडतं, आणि नऊच्या नऊ जागा कधी कधी त्याच सकाळी संपतात, कारण गावकऱ्यांनाही दवाखान्याला, कामाला याच जागा हव्या असतात.

आता बिघडतं कुठे ते बघा.

बोट लागते सान्पो बंदरात, बेटाच्या नैर्ऋत्येला. बंदर म्हणायचं म्हणून. कड्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा धक्का आहे, समोर उघडा पॅसिफिक. आडोसा नसल्यामुळे गावातल्या मासेमारीच्या होड्या पाण्यात नांगरून ठेवतच नाहीत, तारेच्या पाळण्यानं उचलून वर धक्क्यावर काढून ठेवतात. बोटीला त्रास वाऱ्यापेक्षा लाटेचा. शेकडो किलोमीटर दूर वादळ असेल, इकडे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी लांब पल्ल्याची लाट धक्क्यावर येऊन आदळत असते. तेव्हा दोरखंड बांधून बोट स्थिर ठेवता येत नाही. म्हणून "हवा तर छान आहे, मग रद्द का?" हा प्रश्न इथे व्यर्थ आहे.

पूर्वेला ओचियो नावाचा दुसरा धक्का बांधलाही होता, पश्चिमेची लाट असेल तेव्हा तिकडे लागावं म्हणून. १९९४ मध्ये कडा ढासळून त्याचा रस्ताच गेला, तेव्हापासून तो निरुपयोगी. राहिलं एकच दार.

वर्षभराचा हिशोब धरला तर ठरलेल्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकच पार पडतात. हिवाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्यामुळे प्रमाण आणखी घसरतं. ऑक्टोबर टायफूनच्या शेपटीत येतो. एक टायफून लांबून गेला तरी तीन-चार दिवस बोट बंद राहणं नेहमीचं.

आणखी एक फसवा प्रकार: "सशर्त प्रस्थान". म्हणजे बोट निघेल, पण सान्पोला पोचल्यावर लाट बघून धक्क्याला न लागता परतही फिरू शकते. सहा तास समुद्रावर काढून माणूस पुन्हा हाचिजोजिमाला. अशा दिवशी तिकीट काढताना हे कबूल करूनच काढतात. बोट ५०० टनांच्या आतली, त्यामुळे हलते भरपूर. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

हेलिकॉप्टर लाटेला भीत नाही, ते धुक्याला भितं. हेलिपॅड वर गावात आहे आणि ओलसर वारा कड्यावर चढला की ढग नेमका तिथेच बसतो. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत हे सर्वांत जास्त, ऑक्टोबरमध्ये बरं. तेव्हा तुमच्या महिन्यात जाताना बोट, येताना हेलिकॉप्टर हा क्रम चांगला. जाताना अडकलात तर हाचिजोजिमाला अडकाल, तिथे हॉटेलं आहेत, विमानं आहेत. येताना अडकलात तर मुंबईचं विमान गेलं.

हाचिजोजिमालाही दोन बंदरं आहेत, पूर्वेचं सोकोदो आणि पश्चिमेचं याएने. कुठल्या बंदराला बोट लागणार हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर सकाळी ठरतं. टोकियोची बोट उतरल्यावर पुढची सुटायला तासापेक्षा कमी वेळ हातात असतो, म्हणून उतरल्या उतरल्या आधी हे विचारा, फोटो मग.

मुक्काम आधी, तिकीट नंतर. मिन्शुकु म्हणजे घरगुती राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि रस्त्याचं किंवा दुसरं बांधकाम चालू असलं की कामगारांनीच भरतात. बेटावर जागा पक्की केल्याशिवाय बोटीत बसू नका. आरक्षण बहुतेक ठिकाणी फोनवर, जपानीत. दुभाष्या मित्र शोधून ठेवा.

बंदरापासून गाव लांब आहे आणि चढ जीवघेणा. सान्पोहून आधी अर्ध्या किलोमीटरचा बोगदा लागतो, १९८५चा, तो थेट इकेनोसावात निघतो. मग खड्डा ओलांडून दुसऱ्या बोगद्यानं काठ पार करून ओकाबे. मुक्कामाचे मालक बंदरावर न्यायला येतात, आधी सांगून ठेवा. भाड्यानं गाडी मिळते, पण मोजक्याच. भारतात काढलेला १९४९च्या कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. आरटीओकडून निघण्याआधीच काढा, तिथे जाऊन होत नाही. मूळ परवानाही सोबत हवा.

रोख येन न्या. बँक नाही, आहे ते टपाल कार्यालय, आणि ते शनिवार-रविवार बंद.

---

चूलबोळकी

जेवणाचं मी घेते.

बेटावर दुकान एकच, दुपारचं हॉटेल नाही, रात्री उघडणारी एक-दोन मद्यगृहं. म्हणून मिन्शुकुत तीन वेळचं जेवण धरूनच भाडं सांगतात. शाकाहाराची अडचण माशाच्या तुकड्यांची नाही, ते बाजूला काढता येतात. अडचण "दाशी"ची. माशाचा तो अर्क आमटीसारख्या मिसोत, भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे असतो. "मासे नको" एवढंच सांगितलंत तर दाशी घातलेली भाजी मनापासून वाढतील, आणि त्यांची चूकही नसेल. आरक्षण करतानाच "मांस, मासे, आणि दाशीसुद्धा नको" असं तिन्ही शब्दांत सांगा. तरी ऐन वेळी करायला सामान नसतं, कारण बोट आली नाही तर दुकानाचं फडताळही रिकामं. भात, मीठ, रताळं, अंडी चालत असल्यास अंडी यावर भागेल. थेपले, भाजके शेंगदाणे, मेतकूट असलं कोरडं न्या. मेतकूट-भात कुठेही तारतो. फक्त हेलिकॉप्टरचे ५ किलो विसरू नका.

इकेनोसावात मात्र स्वतः शिजवता येतं, आणि इंधन फुकट. जमिनीतून वाफ निघणाऱ्या भेगांना तिथे "हिंग्या" म्हणतात. (आपल्या हिंगाशी काही संबंध नाही. "आगीच्या काठाशी" अशा अर्थाच्या शब्दाचं ते स्थानिक रूप.) स्नानघराच्या बाहेर या वाफेवरची सिमेंटची हौदवजा उकडपात्रं बांधलेली आहेत. आधी झडप बंद आहे ना ते बघायचं, झाकण उघडायचं, जाळीत जिन्नस ठेवायचे, झाकण लावायचं, मग झडप फिरवून वाफ सोडायची. अंडी, रताळ्याच्या फोडी अर्ध्या तासात होतात. अख्खा मोठा बटाटा किंवा रताळं असेल तर तासभर. काढताना उलट क्रम: आधी झडप बंद, वाफ निवू द्यायची, मग झाकण. इथेच लोक चुकतात. झडप न मिटता झाकण उचललं की वाफ सरळ मनगटावर. जाड हातमोजे घाला आणि तोंड लांब ठेवा. मोदकपात्र उघडताना घेतो तीच काळजी, वाफ मात्र कितीतरी पट जोरकस. वाफेला गंधकाचा वास फारसा नाही, त्यामुळे खाण्याला वास लागत नाही.

दुकान नि खड्डा यांत बराच चढ-उतार आहे. बटाटे आधी घ्यायचे, मग खाली उतरायचं. खाली काही विकत मिळत नाही.

तिथलं मीठही याच उष्णतेवर होतं. समुद्राचं पाणी वाफेच्या उबेवर बरेच दिवस हळूहळू आटवतात, ज्वाळेवर भसाभस उकळत नाहीत, म्हणून खडा मोठा नि कुरकुरीत पडतो. आणायला सर्वांत सोपी भेट, वजनालाही परवडते.

दारूतलं कळणाऱ्यांसाठी: तिथली रताळ्याची शोचू, नाव आओचू. बाकी जपानात कोजी ही बुरशी विरजणासारखी विकत आणून घालतात. इथल्या जुन्या पद्धतीत वाफवलेल्या जवावर नेच्याची मोठी पानं झाकतात आणि हवेतली, पानावरची बुरशी आपसूक धरू देतात. पूर्वी हे घरोघरी बायकाच करत. कोण गाळतं त्याप्रमाणे चव बदलते, त्यामुळे एका बाटलीवरून मत बनवू नये. ३५ टक्क्यांची असते, बेतानं.

---

अनुस्वार

पत्त्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बेटावर घरांना क्रमांक नाहीत. सगळ्या गावाचा पत्ता एकच: टोकियो, आओगाशिमा गाव, "मुबान्ची", म्हणजे बिनक्रमांकाचं. पिनकोड १००-१७०१. काही अर्जांच्या रकान्यात क्रमांक सक्तीचा असतो आणि तिथे हात थबकतो. मुबान्ची हाच त्याचा पूर्ण, कायदेशीर पत्ता आहे. काहीतरी क्रमांक मनानं टाकू नका.

आणि भाषा. इथली बोली हाचिजो भाषेत मोडते. युनेस्कोनं २००९ मध्ये जपानमधल्या ज्या भाषा धोक्यात असल्याचं नोंदवलं, त्यांत ती आहे. आठव्या शतकात पूर्व जपानात जी बोली होती तिचे अवशेष हिच्यात टिकले. प्रमाण जपानीत "उंच डोंगर" म्हणजे "ताकाई यामा", इथे "ताकाके यामा". हा "के" मुख्य भूमीवर हजारेक वर्षांपूर्वी गळून पडला. आता ती म्हाताऱ्यांच्या तोंडीच जास्त. मुलं बेटावर पंधराव्या वर्षापर्यंतच असतात, कारण शाळा माध्यमिक संपेपर्यंतच आहे आणि पुढच्या शिक्षणाला बाहेर पडावंच लागतं.

---

नकाशावेडा

विमानाची तारीख बदलतोय. नवा बेत: सोमवारी रात्री ताकेशिबाहून बोट, मंगळवारी दुपारी आओगाशिमा, बुधवार अख्खा बेटावर, गुरुवारी हेलिकॉप्टरनं हाचिजोजिमा आणि दुपारच्या विमानानं टोकियो. मुंबईचं विमान शुक्रवारी रात्री. आता जमेल ना?

---

भरतीओहोटी

जवळजवळ. शुक्रवार रात्रीचं रविवारवर ढकला. गुरुवारी धुकं धरलं तर शुक्रवारची सकाळची फेरी ही एकच संधी उरते, आणि त्या फेरीच्या ९ जागा आधीच भरलेल्या असतील. तुमचं रद्द झालेलं तिकीट दुसऱ्या दिवशीच्या रांगेत पुढे जात नाही, रिकामी जागा असली तरच बसायला मिळतं. शुक्रवारची किंवा शनिवारची परतीची बोट त्या महिन्याच्या वेळापत्रकात आहे का बघा, आणि गुरुवारी हेलिकॉप्टर रद्द झाल्याचं कळताच लगेच त्या बोटीसाठी फोन करा. पन्नास जागा आहेत, मिळून जाते.

मंगळवारी बोट सुटलीच नाही तर हाचिजोजिमाला दोन रात्री काढायची तयारी ठेवा. गुरुवारपर्यंत जमलं नाही तर बेट सोडून द्या, मुक्कामाला फोन करून रद्द कळवा. न कळवता न जाणं तिथे फार लागतं, कारण तुमच्यासाठीचं सामान आधीच्या बोटीनं मागवलेलं असतं.

मारुयामाच्या फेरीला पाऊण तास धरा, ओतोन्बुला रस्त्यापासून वीस मिनिटं. दोन्ही वाटा ओल्या असतात, तळव्याला पकड असलेले बूट घाला. आणि मंगळवारी पोचल्या पोचल्या आभाळ मोकळं असेल तर सामान टाकून आधी ओतोन्बु करा. बुधवारी ढग बसला की कढई दिसत नाही. वाफेचं स्नानघर बुधवारी बंद असतं, तेही मंगळवारीच उरका.